गुरुजी, १.५४ ने गुणावं लागतं

सातवीच्या मुलांना घनफळ शिकवण्यात माझी वीस वर्षं गेली. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची. आणि नेमका त्याच गणितात मी ४६,८०० रुपयांना बुडालो. कितीतरी दिवस घरातसुद्धा बोललो नाही. पण आमच्याकडे सध्या दर दुसऱ्या प्लॉटवर सळ्या उभ्या दिसतात, म्हणून लाज बाजूला ठेवून लिहितोय.

घर कराडजवळ. तळमजल्याचा स्लॅब ४४ बाय २५, म्हणजे १,१०० चौरस फूट, जाडी ५ इंच. काम मजुरीवर दिलेलं, माल माझा. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, "गुरुजी, जाग्यावर माल कालवत बसू नका. आरएमसीच्या, म्हणजे प्लँटवर कालवलेल्या तयार काँक्रीटच्या गाड्या मागवू, चार तासांत मोकळे. प्लँटवर आपला माणूस आहे." दर ५,२०० रुपये घनमीटर, एम-२० या ताकदीचं काँक्रीट, पंपाचे पैसे वेगळे. त्याने खिशातली डायरी काढून तिथल्या तिथे हिशोब मांडला आणि सांगितलं, २८ घनमीटर लागेल.

आपण वाळू-खडी ब्रासमध्ये मोजणारी माणसं. घनमीटर म्हटलं की डोक्यात चित्रच उभं राहत नाही. तरी मी डायरी मागून घेतली. स्लॅब ४५८ घनफूट. स्लॅबखाली उतरलेल्या बीमची लांबी २१० फूट, रुंदी ९ इंच, खोली १३ इंच, त्याचे १७१ घनफूट. एकूण ६२९, म्हणजे १७.८ घनमीटर. इथपर्यंत सगळं चोख. पुढच्या ओळीत त्याला १.५४ ने गुणलं होतं, थोडं वाया धरलं होतं आणि २८ लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या.

"हे १.५४ कुठून आलं?"

"इंजिनियर लोकांचा फॉर्म्युला आहे गुरुजी. सुका माल ओला झाला की बसतो, मग कमी पडतं. गुणावंच लागतं."

मी रात्री मोबाइलवर शोधलं. १.५४ खरंच सापडलं, एकदा नाही, दहा ठिकाणी. मी निर्धास्त झोपलो. तो आकडा खोटा असता तर मी सापडलो नसतो. आकडा खरा होता, लावला होता भलत्या जागी.

स्लॅबच्या दिवशी सकाळी नारळ फोडला, पेढे वाटले. पाहुणे, चहा, कामगारांच्या दुपारच्या मटणाची तयारी, यात मी नुसता धावत होतो. पाच गाड्या आल्या. चलनावर चार गाड्या ६ घनमीटरच्या, पाचवी ४ ची. ड्रायव्हर चलन पुढे करायचा, मी हातातली चहाची किटली खाली ठेवून गाडीच्या बंपरवर कागद टेकवून सही करायचो. ड्रम फिरत असतो, आत ४ घनमीटर आहे की ६, बाहेरून पाहून काही कळत नाही. शेवटच्या गाडीतलं चार-पाच घमेली काँक्रीट उरलं. ते फाटकापाशी उताराला ओतून कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, "बघा गुरुजी, उरलंच की नाही? हिशोब कसा टोकाला टोक." मी त्याची पाठ थोपटली. खरंच थोपटली.

दिवाळीत भाची आली. डिप्लोमा सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे. मी कौतुकाने सांगितलं, २८ घनमीटरचा स्लॅब आहे आपला. तिने वर पाहिलं, मग खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाली, "मामा, एवढ्यात २८ मावेल कसं?" टेप काढला. ड्रेनेजच्या पाइपसाठी ठेवलेल्या भोकात पट्टी घालून जाडी मोजली. ५ इंच, ना कमी ना जास्त. बीमही डायरीप्रमाणेच.

मी १.५४ चं हत्यार काढलं. ती स्वयंपाकघरात गेली. फराळासाठी काढलेल्या शेंगदाण्यांनी एक पातेलं काठोकाठ भरलं आणि वरून रवा टाकत हलवायला लागली. भरलेल्या पातेल्यात आणखी वाटीभर रवा सहज मावला. खडीच्या फटींत वाळू जाते, वाळूच्या फटींत सिमेंट. म्हणून एक घनमीटर ओल्या काँक्रीटला सुका माल सगळा मिळून १.५४ घनमीटर धरतात. हा हिशोब जाग्यावर कालवणाऱ्याने सिमेंटच्या गोण्या, वाळू नि खडी मागवण्यासाठी करायचा. प्लँटवरून येतं ते कालवलेलं, ओलं. त्याला कशाला गुणायचं? १७.८ वर पाच टक्के वाया धरले तरी १९ च्या आत. माझे पैसे गेले २८ चे.

मग जादाचं ९ घनमीटर गेलं कुठे? सांडलं असतं तर अंगणात ढीग दिसला असता. ते आलंच नव्हतं. ६ च्या चलनावर चारेक घनमीटरची गाडी, आणि खाली माझी सही.

कॉन्ट्रॅक्टरला गाठलं. म्हणाला, पंपाच्या पाइपात माल राहतो. भाचीने तेही काढून दिलं: ५ इंची पाइप, १०० फूट लांब, तरी त्यात अर्धा घनमीटरही राहत नाही. प्लँटवर जाऊन प्रत्येक गाडीची बॅच स्लिप मागितली, कशात किती किलो सिमेंट, खडी, पाणी पडलं त्याची. "जुन्या स्लिपा निघत नाहीत" एवढंच उत्तर. वकिलाने चलनं पाहून विचारलं, सह्या तुमच्याच ना? विषय तिथेच संपला. त्या दिवशी ताकद तपासायला ठोकळेही कुणी भरून ठेवले नव्हते. त्याची धास्ती वेगळीच.

यंदा वरचा मजला घेतला. मापं तीच, प्लँट दुसरा, कॉन्ट्रॅक्टर दुसरा. मी चहाच्या बाजूला फिरकलोच नाही. पहिली गाडी भरलेली वजनकाट्यावर नेली, रिकामी झाल्यावर परत नेली. एक घनमीटर काँक्रीट साधारण २,४०० किलो, म्हणजे ६ चे १४,४०० च्या आसपास भरायला हवेत. ड्रायव्हर कुरकुरला, "काट्याचे पैसे कोण देणार?" मी दिले. १४,३१० किलो भरलं. पुढच्या दोन्ही गाड्यांच्या बॅच स्लिपा हातात आल्याशिवाय चलनाला पेन लावलं नाही. एकदम सगळी ऑर्डरही दिली नाही. तीन गाड्या रिकाम्या झाल्यावर उरलेला कोपरा टेपने मोजला, मग चौथी सांगितली. लागत होतं एक घनमीटरही नाही, पण प्लँटवाला दोनपेक्षा कमी पाठवत नव्हता. जास्तीच्या मालाचा बायकोने मागच्या दारी धुण्याचा कट्टा करून घेतला. एकूण २० घनमीटर, कट्ट्यासकट.

जुना कॉन्ट्रॅक्टर अजून एसटी स्टँडवर भेटतो. लांबूनच हात जोडतो, "नमस्कार गुरुजी." परवा त्याच्यासोबत एक तरुण जोडपं होतं. प्लॉटचा नकाशा हातात, आणि याने डायरी उघडलेली. मी त्या मुलाला बाजूला घेतलं आणि विचारलं, स्लॅब किती बाय किती आहे?