किल्ली कुणाकडे? शाळेचा एमटीबी क्लब की वाडीचा

गणपतीची सुट्टी संपल्यावर आम्ही शाळेतली खेळाच्या सामानाची खोली उघडली, तर सहाही सायकलींच्या चेनी तांबड्या पडलेल्या. समुद्र हाकेच्या अंतरावर, खोलीला खिडकी एकच, आणि शेवटच्या राइडनंतर धुऊन तेल सोडायचं राहून गेलेलं. ते काम माझंच होतं. पण किल्ली शिपाईमामांकडे आणि मामा गणपतीला त्यांच्या गावी. दोन चेनी इतक्या आखडल्या होत्या की एका टोकाला धरल्या तर काठीसारख्या ताठ राहत होत्या. तेव्हापासून मला कुणी विचारलं की मुलांचा माउंटन बाइक (एमटीबी) क्लब शाळेचा काढावा की वाडीचा, तर मी आधी विचारतो, सुट्टीत किल्ली कुणाकडे असणार?

शाळेची बाजू आधी. पोरं एका जागी सापडतात, मैदान फुकट मिळतं, आणि हेडमास्तरांच्या सहीचं पत्र घरी गेलं की पालक निम्मे तयार झालेले असतात. मुलींच्या बाबतीत तर हा फरक फार मोठा आहे. शाळेचा उपक्रम म्हणून आठवीतली मुलगी येईल. वाडीतल्या पोरांनी काढलेल्या क्लबात तिला कुणी सहजासहजी पाठवणार नाही. आमच्या पहिल्या पालकसभेत एक गृहस्थ मागून एवढंच म्हणाले, "हात मोडलो तर कोण बघतलो?" शाळेचं नाव मागे असलं की या प्रश्नाला उत्तर देणारा माणूस समोर दिसतो.

अडचण येते ती कॅलेंडरची. जून ते सप्टेंबर पावसात सड्यावर, म्हणजे कोकणातल्या जांभ्याच्या उघड्या पठारावर, शेवाळ असतं, तिथे मुलांना न्यायचंच नाही. ऑक्टोबरच्या मध्यावर गवत वाळतं, वाटा दिसू लागतात, आणि नेमकी तेव्हा सहामाही परीक्षा, मग दिवाळीची सुट्टी. डिसेंबरात स्नेहसंमेलन, जानेवारीत सहली, पुढे दहावीची गडबड, मार्चमध्ये शिमगा. मे महिन्यात शाळाच बंद. म्हणजे शाळेच्या क्लबाला धड चालवायला मिळतात आठ-दहा आठवडे. शिवाय उत्साही क्रीडाशिक्षकाची संस्थेच्या दुसऱ्या शाळेत बदली झाली की क्लबही त्यांच्याबरोबर जातो.

वाडीच्या क्लबाला सुट्टी हीच पर्वणी. दिवाळीत रोज राइड होते, मे महिन्यात पहाटे उठून चाकरमान्यांच्या मुलांनाही बरोबर घेता येतं. पण वाडीचा म्हणजे वरच्या वाडीचा की खालच्या? पालखी कुठल्या वाटेने न्यायची यावर जिथे तीन-तीन बैठका होतात, तिथे सायकली कुणाच्या पडवीत ठेवायच्या यावर दोन तरी होणारच. कागदपत्रंही करावी लागतात. पहिल्या वर्षी नोंदणी नसली तरी चालून जातं, पण देणगी घ्यायची, बँकेत खातं काढायचं, मुलांचा सामूहिक अपघात विमा उतरवायचा तर संस्थेचं नाव लागतं. १८६० च्या कायद्याखाली संस्था नोंदवायला किमान सात माणसं हवीत. सात नावं मिळतात. दर रविवारी पहाटे उठणारी दोन मिळतात का, ते आधी पाहा. दोनच का, तर एक पुढे आणि एक सगळ्यांत मागे, म्हणून. मुली असतील तर त्यांतली एक बाई असावी, आणि एकटं मोठं माणूस मुलांबरोबर कधीच असू नये.

तिसरी वाटही आहे आणि ती आपल्याला बरी पडेल असं मला वाटतं. अमेरिकेत शाळकरी मुलांच्या एमटीबीचा पसारा मोठा आहे. कॅलिफोर्नियात बर्कलीच्या एका हायस्कूलमधले गणिताचे शिक्षक मॅट फ्रिट्झिंगर यांच्या संघापासून सुरुवात झाली, २००१ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियात शाळांची लीग उभी राहिली आणि २००९ मध्ये नायका ही देशपातळीवरची संघटना निघाली. तिथे ज्या शाळेत पुरेशी मुलं नसतात, त्या शाळेची मुलं शेजारच्या शाळांशी मिळून एकत्र संघ करतात. पटसंख्या घसरत चाललेल्या आपल्या हायस्कुलांना याहून सोपं काय? परवानगी आणि मुलं दोन-तीन शाळांची, सायकली आणि किल्ली गावातल्या एका घराची.

आता सायकल कुणाची, हा दुसरा पेच. मुलांनी आपापली आणायची म्हटलं तर खर्च शून्य, आणि पोरगं स्वतःची सायकल जिवापाड जपतं. पण येतं काय? जाड टायरची, बिनगिअरची, जिला आपल्याकडे सरसकट 'रेंजर' म्हणतात ती. ब्रेकचे रबर दगडासारखे, हँडल एका बाजूला, आणि भावाची असल्यामुळे सीट टाचा टेकणार नाहीत इतकी वर. पहिल्या रविवारी मी फाटकाशी उभा राहून एकेक तपासली. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलायची, चाक सरकलं तर बाजूला. चौदांतल्या आठ बाजूला निघाल्या. त्या आठ जणांचे चेहरे बघवत नव्हते.

क्लबच्या सायकली घेतल्या तर सगळी मुलं एका पातळीवर येतात. ज्याच्या घरी सायकलच नाही, तोही येतो, आणि माझ्या मते क्लब काढायचा तो त्याच्यासाठीच. अठरा हजारांची एक धरली तर सहांचे १,०८,००० रुपये, हेल्मेट वेगळी. तीन-तीन मुलांत एक सायकल फिरवली तर अठरा मुलं शिकतात. तोटा जुनाच: बारभाईंची शेती. पंक्चर झालेली सायकल भिंतीला टेकवून सगळे घरी जातात. यावर एकच उपाय मला लागू पडलेला दिसला. प्रत्येक सायकलीला तीन नावं लावायची. राइडनंतर तिला गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, चेनला तेल सोडून ठेवल्याशिवाय त्या तिघांपैकी कुणी घरी जायचं नाही. खाऱ्या हवेत ही चैन नाही, गरज आहे.

सायकल घेताना पोरं 'डबल शॉकअप'वाल्या मॉडेलकडे बोट दाखवतील. ऐकू नका. स्वस्तातलं मागचं सस्पेन्शन वजन वाढवतं, त्याचे सांधे लवकर खिळखिळे होतात आणि चढावर अर्धी ताकद त्यात जाते. फक्त पुढे सस्पेन्शन असलेली पुरे. ब्रेक केबलवर चालणारे डिस्क घ्या. हायड्रॉलिक जास्त चांगले असतात, पण त्यातली हवा काढणारा मेकॅनिक तालुक्याला मिळेलच असं नाही. केबल मात्र बाजारातला कुठलाही सायकलवाला बदलून देतो. पाचवी-सहावीच्या मुलांना २४ इंची चाक, मोठ्यांना २६ किंवा २७.५. हेल्मेटच्या आत 'ईएन १०७८' असा शिक्का बघा. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून चांगलं दिसलं तरी बाद करा.

चालवायचं कुठे, यावर मतं फार, कारण प्रत्येकाला डोळ्यांसमोर किनारा दिसतो. ओल्या वाळूवरचा फोटो छान येतो. पण वाळूवर ना ब्रेक कळतो ना वळण, आणि मीठ बेअरिंगमध्ये शिरतं ते वेगळंच. शिवाय भरती-ओहोटी रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. या रविवारी सकाळी सातला ओहोटी असेल, तर पुढच्या रविवारी सातला जवळपास पूर्ण भरती. ठरलेल्या वेळेचा क्लब अशा जागी कसा चालवणार? थंडीत कासवांची घरटी वरच्या वाळूत असतात, वेळास-आंजर्ल्याच्या बाजूला तर नक्कीच. तिथे चाक नेऊच नये. बागांतल्या वाटा झकास, वळणं नि साकव सगळं आहे, पण मोहोर आला की फवारण्या सुरू होतात आणि मार्चपासून बागायतदाराला कुणीही आत आलेलं खपत नाही. त्याचंही चुकत नाही.

उरतो सडा. कोरड्या जांभ्यावर टायर घट्ट धरतं, उतार सौम्य असतात, आणि नवशिक्या मुलाला आपला ब्रेक कुठे लागतो ते तासाभरात कळतं. खरचटतं मात्र भरपूर, म्हणून फुल पँट आणि हातमोजे. करवंदीच्या काट्यांनी पंक्चर होतात, तेव्हा पॅच आणि सोल्यूशन पुढच्या-मागच्या दोन्ही मोठ्यांच्या पिशवीत हवं. सकाळी नऊच्या आत परत फिरायचं. त्यानंतर कातळ तापतो आणि सावली कुठेच नसते. दगडाखाली फुरसं, म्हणजे विषारी साप, असतं. कुणीही उघड्या हाताने दगड उचलायचा नाही, आणि काही झालंच तर हात-पाय न हलवता १०८ ला फोन करून थेट सरकारी दवाखाना गाठायचा, मांत्रिक नाही. कातळशिल्पांवरून सायकल न्यायची नाही, हे पहिल्याच दिवशी सांगा. कोकणातली ही चित्रं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली आहेत, पण बारसू, देवीहसोळ, कुडोपी अशी थोडकीच ठिकाणं लोकांना ठाऊक आहेत. आपल्या गावच्या सड्यावरचं एखादं गवताखाली झाकलेलं असू शकतं.

सर्वांत वाईट म्हणजे चिरेखाण. बंद पडलेल्या खाणीची कड सरळ कापलेली असते, कुंपण नसतं, आणि वाळलेल्या गवतामुळे ती पाच-सात पावलांवर येईपर्यंत दिसत नाही. सायकलीवर पाच-सात पावलं म्हणजे काहीच नाही.

तेव्हा माझा हिशेब असा. शाळेत टिकून राहणारे सर आणि आतबाहेर करता येईल अशी खोली असेल, तर शाळेचाच क्लब काढा. किल्लीची दुसरी प्रत मात्र पहिल्या आठवड्यात करून घ्या. सर बदलीच्या वाटेवर असतील तर शाळेकडून फक्त परवानगी घ्या आणि सायकली गावात ठेवा. पैसे नसतील तर मुलांच्याच सायकलींवर सुरू करा, सहाच्या सहा क्लबच्या घ्यायच्या नादात वर्ष घालवू नका. दोन घ्या, आणि फाटकाशी जे बाजूला पडतील त्यांना त्या द्या. आणि यांतलं काहीही करण्याआधी एका रविवारी रोज त्या सड्यावर गुरं घेऊन जाणाऱ्या माणसाबरोबर सगळा सडा पायी हिंडून या. खाणी कुठे आहेत ते त्याला तोंडपाठ असतं. प्रत्येक कडेपासून पन्नास पावलांवर चुन्याने दगड रंगवत चला. तो दाखवेल तिथे.