मुलांचा आयसीयू शिकायचाय: सरकारी कॉलेजची एमडी घ्यावी की कॉर्पोरेटची डीएनबी?

नीट-पीजीची (एमबीबीएसनंतरच्या प्रवेश परीक्षेची) रँक हातात आली की पेडियाट्रिक्स (बालरोग) घेणाऱ्या पोरापोरींचे फोन सुरू होतात. नागपुरातच राहायचं ठरलेलं असतं, अडकलेलं असतं ते एवढ्यावरच: सरकारी मेडिकल कॉलेजची एमडी घेऊ की मोठ्या खासगी रुग्णालयातली डीएनबी (राष्ट्रीय परीक्षा मंडळाची, एमडीच्या तोडीची)? दोन्ही तीन वर्षांच्याच. ओपीडी, लसीकरण, वाढ-विकास, साधा न्यूमोनिया हे दोन्हीकडे येऊन जातं. खरा फरक पीआयसीयूत, म्हणजे मुलांच्या आयसीयूत, पडतो, म्हणून इथे फक्त त्याचंच बोलतो.

माझा कौल आधीच सांगून टाकतो. पुढे गोंदिया, यवतमाळ, वणी, अचलपूर अशा ठिकाणी बसायचं असेल तर सरकारी कॉलेज घ्या. डीएम (एमडी-डीएनबीनंतरची सुपरस्पेशालिटी पदवी) करायचंच हे आजच पक्कं असेल, तर कॉर्पोरेटकडे नाक मुरडायचं कारण नाही. दोन्ही बाबतींत अट एकच, ती पुढे येतेच.

नागपूरच्या सरकारी पीआयसीयूचं वर्ष ऋतूंवर चालतं. पाऊस लागला की साप. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या पोराला चावते, दंशाची खूण बहुधा दिसतही नाही. पहाटे पोट दुखतं म्हणून पोरगं उठतं, पापण्या मिटायला लागतात आणि इथे पोहोचेपर्यंत श्वास अपुरा पडायला लागलेला असतो. प्रतिविषाचा डोस मोठ्या माणसाइतकाच द्यायचा, वजन बघून कमी करायचा नाही, हे पुस्तकात एका ओळीत असतं. पण मण्यारीचा लकवा प्रतिविषाने लगेच उतरत नाही, व्हेंटिलेटरवर दिवसेंदिवस धीर धरावा लागतो आणि मग तेच मूल धडधाकट होऊन चालत घरी जातं. हे एकदा पाहिलं की घाईने नातेवाइकांना ‘आता काही खरं नाही’ म्हणायची सवय लागत नाही.

पावसाळा सरता सरता डेंगी आणि स्क्रब टायफस (बारीक किड्याच्या चाव्याने येणारा ताप). २०१८ मध्ये नागपूर आणि आसपास स्क्रबची साथ आली तेव्हापासून तापाच्या पोराची काख, जांघ, कानामागची घडी उघडून काळी खपली शोधणं इथल्या जेआरच्या (ज्युनिअर रेसिडेंट, म्हणजे शिकता शिकता ड्यूटी करणाऱ्या डॉक्टरच्या) अंगवळणी पडलं आहे. थंडीत ब्रॉन्किओलायटिसची (बारीक श्वासनलिकांच्या सुजेची) तान्ही बाळं. बाराही महिने सिकलसेलची मुलं छातीच्या क्रायसिसमध्ये, शेतातल्या घरातून आलेली फवारणीच्या औषधाची विषबाधा, झटके न थांबणारी मुलं. आणि हे सगळं फक्त विदर्भातलं नाही. मध्य प्रदेशातल्या बालाघाट, सिवनी, छिंदवाडा इथली माणसं मोठ्या दवाखान्यासाठी नागपूरच गाठतात. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाड्याची मुलं लघवी बंद झालेल्या अवस्थेत इथे आली, सरकारीतही आणि खासगीतही. खोकल्याच्या ज्या सिरपवर संशय होता, त्याच्या नमुन्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन ४८.६ टक्के निघालं. अशा वेळी ‘घरून औषधाची बाटली घेऊन या’ म्हणणारा रेसिडेंट हिस्टरी घ्यायला शिकलेला असतो.

कॉर्पोरेटमध्ये हीच मुलं येतात, पण बरीचशी उशिरा येतात. कुठल्या तरी नर्सिंग होममध्ये दोन-तीन दिवस काढून, श्वासनलिकेत नळी टाकून, इनोट्रोप (बीपी टिकवणारं औषध) चालू असताना ॲम्ब्युलन्सने. त्यामुळे तिथे शिकायला मिळतो तो पाचवा दिवस. फुप्फुसं कडक झालेल्या मुलाचं व्हेंटिलेशन, सीआरआरटी (मशीनवर सतत चालणारं संथ डायलिसिस), हृदयाच्या ऑपरेशननंतरची मुलं, केमोनंतर सेप्सिसमध्ये (अंगभर भिनलेल्या संसर्गात) गेलेली मुलं, बुरशीचा संसर्ग, नळी काढायची नेमकी वेळ. सरकारीत शिकायला मिळतो पहिला तास: कॅज्युअल्टीत धापा टाकणारं, कुणीही हात न लावलेलं मूल. दोन्ही शिकावंच लागतं. पण तालुक्याच्या गावात तुमच्या दारात येणार तो पहिला तास, आणि पाचव्या दिवसापर्यंत तुम्ही त्याला एक तर सुधरवलेलं असेल किंवा नागपूरला पाठवलेलं.

हाताच्या कामाचं पण तसंच. सरकारीत पहिल्या वर्षाच्या अखेरीस इंट्युबेशन (श्वासनलिकेत नळी टाकणं), लंबर पंक्चर (पाठीच्या कण्यातलं पाणी काढणं), हाडातली सुई हे सगळं हातून गेलेलं असतं, दुसऱ्या वर्षात सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतली नळी). चार वर्षांच्या पोराला श्वासाची कफवाली, म्हणजे फुगा असलेली, नळी साडेचारची, हे गणित करावं लागत नाही, हातच डब्यातून तेवढी काढतो. कॉर्पोरेटमध्ये बाप बिल भरतोय आणि काचेतून बघतोय. कन्सल्टंट स्वतः लाइन टाकतो, तेही सोनोग्राफी लावून, नीट. तुम्ही शेजारी उभे राहता. मात्र तिथे बघितलेली पद्धत बहुधा स्वच्छ असते: चेकलिस्ट, टाइम-आउट, व्हिडिओ लॅरिंगोस्कोप. सरकारीत हात लवकर बसतो आणि त्यासोबत वाकड्या सवयीही बसतात. पेरिटोनियल डायलिसिस (पोटाच्या पोकळीतून केलेलं) हे एकच उदाहरण घ्या. सीआरआरटीचं मशीन असलेल्या ठिकाणी ते जवळजवळ विसरलं गेलंय. पण उद्या मशीन नसलेल्या गावात लघवी बंद झालेलं दोन वर्षांचं मूल तुमच्यासमोर असेल, तर पोटात कॅथेटर टाकणारा माणूस तुम्हीच.

आता ती अट. रात्री दोन वाजता आयसीयूत कोण असतं?

व्हेंटिलेटर किती, बेड किती, मॉनिटर कोणत्या कंपनीचे हे सगळे विचारतात. हा प्रश्न फार थोडे विचारतात, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा फरक इथेच पडतो. डेंगीचं मूल घ्या. प्लाझ्मा गळण्याचा काळ साधारण २४ ते ४८ तासांचा असतो. त्या काळात दर तासा-दोन तासांनी नाडी, वरच्या-खालच्या बीपीमधला फरक, लघवी, हिमॅटोक्रिट (रक्त किती दाट झालंय) बघून सलाइन वाढवायचं आणि, जे कुणी शिकवत नाही, कमी करायचं. गळती थांबल्यावरही सलाइन तसंच चालू राहिलं तर पाणी परत रक्तात येतं आणि जे मूल शॉकमधून वाचलं तेच फुप्फुसात पाणी भरून बुडतं. हे निर्णय राउंडला होत नाहीत, रात्रीच होतात. शेजारी सीनिअर असेल तर तो म्हणतो, ‘पोटावर हात ठेव, लिव्हर वाढलंय, आता बोलस (एकदम दिलेलं सलाइन) नको.’ तो नसेल तर जेआर-१ पुढचा बोलस देतो, कारण आधीच्या जेआरनेही तेच केलेलं असतं.

बोलसचा हा वाद नुसता परंपरेचाही नाही. २०११ मध्ये आफ्रिकेतल्या तीन हजारांहून जास्त मुलांवरचा फीस्ट अभ्यास आला. ताप आणि रक्ताभिसरण कमी असलेल्या मुलांना झपाट्याने बोलस दिले त्या गटात ४८ तासांतले मृत्यू जास्त झाले. त्या रुग्णालयांत आयसीयू नव्हता, आपल्याकडे आहे, म्हणून तो निष्कर्ष जसाच्या तसा उचलता येत नाही. २०२० च्या मुलांसाठीच्या सर्व्हायव्हिंग सेप्सिस मार्गदर्शक सूचनांनी हाच फरक धरला: आयसीयूची सोय असेल तर पहिल्या तासात १० ते २० मिली प्रति किलोचे बोलस, एकूण ४० ते ६० पर्यंत, दर बोलसनंतर तपासून; सोय नसेल आणि बीपी पडलेलं नसेल तर बोलस टाळा. आता सांगा, तीस बेडच्या वॉर्डच्या कोपऱ्यात दोन व्हेंटिलेटर ठेवून त्याला पीआयसीयू म्हणणारी जागा यातल्या कोणत्या बाजूला बसते? हा प्रश्न रात्री तुमच्यासोबत सोडवणारा कुणी असेल तिथे शिक्षण होतं. नसेल तर नुसती ड्यूटी होते.

या बाबतीत सरकारी-खासगी अशी सरळ फाळणी नाही. मी असं सरकारी युनिट पाहिलंय जिथे लेक्चरर रात्री अकराला स्वतः राउंड घेऊन जातो आणि दोनला फोन केला तर चिडत नाही. असं खासगी रुग्णालयही पाहिलंय जिथे इंटेन्सिव्हिस्ट संध्याकाळी घरी गेल्यावर डीएनबीवाला एकटाच असतो आणि व्हॉट्सॲपवर एबीजीचे (रक्तातल्या वायूंच्या तपासणीचे) फोटो पाठवत बसतो. ढोबळमानाने, जिथे पूर्णवेळ पेडियाट्रिक इंटेन्सिव्हिस्ट आणि रात्री इन-हाउस सीनिअर आहे अशा कॉर्पोरेटमध्ये हा मुद्दा सरकारीपेक्षा भक्कम असतो. बाकी ठिकाणी फक्त इमारत चांगली असते.

नर्सिंगचं थोडक्यात. खासगीत व्हेंटिलेटरवरच्या मुलाला एक सिस्टर असण्याची शक्यता जास्त, सरकारीत एकेका सिस्टरकडे तीन-चार मुलं. त्यामुळे सक्शन, इन्फ्युजन पंप, नळीची पट्टी बदलणं हे जेआरच करतो. पहिले सहा महिने याचा फायदा होतो, नंतर तो वेळ वाचनातून कापला जातो.

पैशाचं मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण तोही शिक्षणाचाच भाग आहे. कॉर्पोरेटमध्ये सुधारणाऱ्या मुलाला बाप ‘आमच्या जबाबदारीवर नेतो’ म्हणून सही करून नेताना तुम्ही पाहाल, आणि तो का नेतोय हे तुम्हाला माहीत असेल. महात्मा फुले योजनेत काय बसतं, काय नाही, हे काउंटरवरच्या माणसाइतकंच तुम्हालाही कळलं पाहिजे. सरकारीत पैशाचा प्रश्न बेडच्या रूपाने येतो: व्हेंटिलेटर एक आणि दारात मुलं दोन. हा निर्णय जेआरच्या डोक्यावर टाकणारं युनिट टाळा, तो वरिष्ठांनी घ्यायचा असतो. नातेवाइकांशी बोलणं दोन्हीकडे शिकावं लागतं. खासगीत ते सहसा कन्सल्टंट करतो. सरकारीत मेळघाटातून आलेल्या आईला, जिला मराठी जेमतेम समजतं, ‘मेंदूला सूज आहे’ हे तुम्हीच सांगता, बहुतेक हिंदी-मराठीच्या खिचडीत. ते कुणी धडा म्हणून शिकवत नाही, तरी मला हे सरकारीचं मोठं पारडं वाटतं.

ड्यूटीचे तास दोन्हीकडे कागदावर एक आणि प्रत्यक्षात दुसरेच. केंद्राच्या १९९२ च्या रेसिडेन्सी योजनेत आठवड्याला ४८ तास लिहिलेत. मार्डच्या (निवासी डॉक्टरांच्या संघटनेच्या) कोणत्याही पदाधिकाऱ्याला हा आकडा सांगा आणि त्याचा चेहरा बघा. एमडीत तीन महिने डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सीला (जिल्हा रुग्णालयातल्या ड्यूटीला) जातात, ते आयसीयूतून वजा होतात. पण जिल्हा रुग्णालयात काय नसतं हे तिथेच कळतं. पॅल्सचा (अत्यवस्थ मुलाला वाचवायच्या उपचारांचा) कोर्स कुठूनही करा, दोन दिवसांचा असतो आणि प्रमाणपत्र दोन वर्षं चालतं. पण मॅनेकिनवर महिन्यातून एकदा सराव घेणारं युनिट त्या प्रमाणपत्रापेक्षा जास्त शिकवतं.

एम्स नागपूर हा तिसरा पर्याय. प्रवेश आयएनआय-सीईटी या वेगळ्या परीक्षेतून. २०१८ ची संस्था, मिहानमध्ये. मेडिकल आणि मेयो या नागपूरच्या दोन सरकारी कॉलेजांइतकी जुनी नाही, पण शिस्त आणि वाचनाचा वेळ याबाबतीत वरचढ. सीट मिळत असेल तर मी इतर दोन्हींची तुलना करत बसणार नाही. खासगी मेडिकल कॉलेजांचं फीवर ठरतं, त्यावर माझ्याकडे वेगळं सांगण्यासारखं नाही.

पुढचा रस्ता दोन्हींना सारखाच उघडा आहे. एमडी असो की डीएनबी, नीट-एसएस (सुपरस्पेशालिटीची प्रवेश परीक्षा) देऊन पेडियाट्रिक क्रिटिकल केअरचं डीएम किंवा डीआरएनबी (डीएनबीच्या मंडळाची सुपरस्पेशालिटी) तीन वर्षांचं. तेवढा वेळ नसेल तर आयएससीसीएमचा (क्रिटिकल केअर डॉक्टरांच्या संघटनेचा) एक वर्षाचा डिप्लोमा. ती एनएमसीची (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची) पदवी नव्हे, पण खासगी पीआयसीयूत तिला मान आहे. माझ्या ओळखीत चांगलं बसलेलं सूत्र असं: सरकारी एमडी, आणि मग एक वर्ष चांगल्या कॉर्पोरेट पीआयसीयूत. पहिला तास आधी, पाचवा दिवस नंतर. उलट क्रमानेही जमतं, पण हात उशिरा बसतो.

चॉइस फिलिंग लॉक करण्याआधी एक काम करा. विभागप्रमुखांना भेटायला हरकत नाही, पण चौकशी जेआर-२ कडे करा, त्याची ड्यूटी संपल्यावर. सप्टेंबरमध्ये आयसीयू कसा असतो ते विचारा, फेब्रुवारीत सगळेच शांत असतात. गेल्या महिन्यात त्याने स्वतः किती इंट्युबेशन केली आणि त्यातल्या किती वेळा शेजारी कुणी होतं, हे विचारा. मृत्यूंवर दर महिन्याला मीटिंग होते का, आणि तिथे जेआर बोलतो की फक्त ओरडा खातो? शेवटी मागच्या महिन्याच्या ड्यूटी रोस्टरचा फोटो मागा आणि रात्री आठनंतरच्या रकान्यात एसआर (सीनिअर रेसिडेंट) आणि लेक्चररची नावं आहेत का ते बघा. नावं दिसली तर त्यातले प्रत्यक्ष येतात किती, हेही त्यालाच विचारा.