इंग्रजीनंतर जर्मन की इटालियन?
स्लोव्हेनियातील बहुतेक मुले पहिली परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकतात. दुसरी जर्मन घ्यावी की इटालियन, हा पेच त्यानंतर पडतो.

ज्यांच्या मातृभाषेत सहा विभक्ती, तीन लिंगे आणि संस्कृतसारखे द्विवचनही रोजच्या वापरात आहे, त्यांनी जर्मनच्या चार विभक्तींची धास्ती घेण्याचे कारण नाही. शिवाय स्लोव्हेन बोलीत वेळेला ‘त्साय्त’ म्हणतात, तो शब्द मुळात जर्मनच आहे. अडथळा येतो तो इंग्रजीचा: ‘बेकोमेन’ म्हणजे ‘मिळणे’, पण ‘बिकम’ मनात बसलेला विद्यार्थी त्याचा अर्थ ‘होणे’ असा लावतो.

इटालियनमध्येही ‘कामेरा’ म्हणजे कॅमेरा नव्हे तर खोली, हे खरे. तरी लॅटिन वळणाच्या इंग्रजी शब्दांमुळे ‘पोस्सिबिले’सारखे शब्द लगेच ओळखू येतात आणि आरंभ सोपा जातो.

सीमेपलीकडे इंग्रजीवर भागेल, हे मला पटत नाही. शेजाऱ्याशी त्याच्याच भाषेत बोलण्याने जो विश्वास मिळतो, तो इंग्रजीने मिळत नाही. म्हणून मारिबोरहून ऑस्ट्रियात नोकरीसाठी जाऊ इच्छिणाऱ्याने जर्मन घ्यावी. कोपर, इझोला, पिरान या स्लोव्हेनियाच्याच किनारी शहरांत इटालियनला अधिकृत दर्जा आहे आणि नोव्हा गोरित्सात तर एक चौक ओलांडला की इटली लागते. तेथील विद्यार्थ्याने इटालियनच शिकावी.