पंधरा वर्षं उलटलेली वॅगन आर आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरातलं हे गॅरेज

जुनी पेट्रोल गाडी असेल आणि एकच फॉल्ट घेऊन या गॅरेजातनं त्या गॅरेजात फिरून वैताग आला असेल तर सरळ इथं गाडी लावा. पाचपैकी पाच स्टार देतोय ते एकाच कारणासाठी, इथले मिस्त्री फॉल्ट सापडल्याशिवाय पार्ट बदलत नाहीत.

माझी गाडी २००९ ची वॅगन आर, जुनं १०६१ सीसी चार सिलिंडरवालं इंजिन, सेकंडहँड घेतलेली. आमचं गाव वैभववाडी साइडला, त्यामुळं गगनबावडा आणि करूळ घाट हा कायमचा रूट, आणि तिकडचा पाऊस काय असतो ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. त्रास असा होता की सकाळी थंड गाडी एका सेल्फला (स्टार्टर मोटरला) चालू व्हायची, पण घाट चढून गगनबावड्यात चहाला थांबलो आणि परत चावी मारली की नुसतं टक्क, सेल्फ फिरायचंच नाही. अर्ध्या पाऊण तासानं इंजिन गार झालं की जसं काही झालंच नाही अशी चालू. घरची माणसं गाडीत, बाहेर पाऊस, असं उभं राहायला कुणाला आवडेल. एका ठिकाणी बॅटरी बदला म्हणून सांगितलं, दुसऱ्या ठिकाणी सेल्फ उतरवून ब्रश आणि बुश बदलून दिले, थोडे दिवस बरं वाटलं आणि पुन्हा तेच.

इथं गेल्यावर मामांनी (मिस्त्रींना सगळे मामाच म्हणतात) बॉनेट उघडायच्या आधी प्रश्न विचारले. टक्क एकदाच होतंय का टकटकटक असं सारखं होतंय? त्या वेळेला डॅशबोर्डच्या लाइटी मंद होतात का तशाच राहतात? मी म्हटलं एकदाच होतं आणि लाइटी तशाच राहतात. मग म्हणाले बॅटरी संपली असती तर लाइटी झोपल्या असत्या. आणि गाडी गार असताना बघून उपयोग नाही म्हणून पोराला विद्यापीठाकडनं एक मोठी चक्कर मारायला पाठवलं, एसी लावून, गाडी चांगली तापवून आणली. ही गोष्ट मला फार आवडली, कारण गरम झाल्यावर येणारा फॉल्ट गार गाडीत शोधायचा म्हणजे अंदाजच की.

मग मल्टीमीटर काढला. बॅटरीला १२.६ व्होल्ट, म्हणजे चार्जिंग फुल. गाडी चालू असताना १४ च्या वर, म्हणजे अल्टरनेटर पण ओके. त्यानंतर मीटरची एक वायर बॅटरीच्या मायनसला आणि दुसरी थेट इंजिनच्या ब्लॉकला लावून पोराला सेल्फ मारायला सांगितलं. मीटरवर दीड व्होल्टच्या वर आलं. इथं दोन-तीन दशांश व्होल्टच्या वर यायला नको, असं मामा म्हणाले, सेल्फ शंभर अँपिअरच्या वर करंट ओढतो, वाटेत थोडा जरी अडथळा असला तरी तिथंच व्होल्टेज खाऊन जातं. "बॅटरीला हात लावू नका दादा, करंटला परत जायला वाटच नाही."

अर्थिंगची केबल होती ती, बॅटरीच्या मायनसपासनं इंजिनकडं जाणारी. वरनं बघितलं तर एकदम ठीक दिसत होती, पण लग (केबलच्या टोकाचा धातूचा तुकडा) कापल्यावर आत तांब्याचा हिरवा चुरा निघाला, पावसाचं पाणी आत मुरून मुरून सगळी तार खराब झालेली. गरम झालं की रेझिस्टन्स वाढायचा आणि सेल्फ पडायचा. तिथनं चार दुकानं सोडून जाड केबल मापात कापून लग दाबून आणली, बोल्टच्या खालचा गंज आणि रंग घासून चकचकीत पत्रा काढला, वरनं व्हॅसलिन लावलं. परत मीटर लावला तर रीडिंग ०.१५. मजुरीसकट ६०० रुपये. बॅटरी बदलली असती तर चार हजाराच्या आसपास गेले असते आणि फॉल्ट तिथल्या तिथंच. त्यानंतर सगळा पावसाळा घाटातनं जाऊन-येऊन काढला, एकदाही अडली नाही.

उद्यमनगरात गॅरेज असण्याचा हाच फायदा, लेथवाला, वेल्डिंगवाला, बोअरिंगवाला सगळे हाकेच्या अंतरावर. मागच्या चाकाचे ड्रम ओव्हल झाले होते, नवीन न घालता शेजारी लेथवर टर्निंग करून आणले, मापात बसतात का ते बघूनच. मापाबाहेर गेले असते तर नवीनच घालणार होते, तसं आधी सांगितलं होतं.

दुसरं काम टेंपरेचरचं. घाटात काटा वर चढायचा. इथं कळलं की आधी कुणीतरी थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) काढूनच टाकलाय आणि रेडिएटरमध्ये नुसतं बोअरचं पाणी. आपल्याकडं हे लई चालतं, गाडी गरम होते म्हटलं की थर्मोस्टॅट काढ. मामांचं म्हणणं तो काढला की इंजिन वेळेवर तापत नाही, ईसीएमला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) वाटतं गाडी अजून गारच आहे आणि पेट्रोल जास्त सोडत राहतं, ॲव्हरेज पडतं, आणि मूळ फॉल्ट झाकला जातो तो वेगळाच. मूळ फॉल्ट फॅनच्या रिलेत (फॅन चालू-बंद करणाऱ्या स्विचमध्ये) निघाला. फ्यूज बॉक्समधला तसाच दुसरा रिले अदलाबदल करून बघितला, लगेच फॅन फिरला. तेवढ्यावर न थांबता रेडिएटर फ्लश केला (चहासारखं पाणी निघालं), थर्मोस्टॅट आणि झाकण नवीन, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं अर्धं. झाकण पण महत्त्वाचं असतं हे मला माहीत नव्हतं, ते प्रेशर धरून ठेवतं म्हणून पाणी शंभर डिग्रीला उकळत नाही.

टायमिंग बेल्टचं (इंजिनच्या आतले भाग एका तालात फिरवणारा पट्टा) एक सांगून ठेवतो. माझ्या इंजिनला बेल्ट आहे, २०१० पासून जी ९९८ सीसी के सिरीजवाली वॅगन आर आली तिला चेन आहे, त्यामुळं मित्राच्या गाडीला नाही बदलला म्हणून आपल्याला चालेल असं नसतं. आधीच्या मालकाकडं बेल्ट बदलल्याचं बिल नव्हतं, मग मामांनी विषयच ठेवला नाही, बेल्ट आणि टेन्शनर दोन्ही बदलले. बेल्ट किलोमीटरवरच नाही तर वयावरही जातो.

पेट्रोलच्या रबरी पायपा पण त्यांनी आपणहून तपासल्या. आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल येतं, ते आपल्याच भागातल्या साखर कारखान्यांतनंही जातं, शेतकऱ्याला दोन पैसे मिळतात हे चांगलंच आहे, पण २००९ ची गाडी काही त्यासाठी बनवलेली नाही. एक पाइप कडक होऊन तडकायला लागलेली, बदलली.

री-पासिंगच्या वेळी पण गाडी आधी इथंच दाखवली. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं पाच-पाच वर्षांचं नूतनीकरण असतं आणि फी एप्रिल २०२२ पासून ६०० ची ५००० झालीय, म्हणजे ताराबाई पार्कच्या आरटीओत जाऊन एखाद्या बल्बवरनं परत यायला नको. हेडलाइटचा फोकस, हॉर्न, हँडब्रेक, रिफ्लेक्टर सगळं बघून दिलं.

आता तक्रारी. फोन उचलत नाहीत, काम चालू असलं की अजिबात नाही. संध्याकाळी देतो म्हटलेली गाडी दुसऱ्या दिवशी मिळू शकते. गल्ली अरुंद, गाडी लावायला जागा नाही. बिल हातानं लिहिलेलं, पण जुना पार्ट पिशवीत घालून परत देतात आणि मला ते छापील बिलापेक्षा जास्त पटतं. एसीचा गॅस आणि डेंटिंग पेंटिंग करत नाहीत, नवीन डिझेल गाड्या घेत नाहीत, तसं स्पष्ट सांगतात.

जायचं असेल तर सकाळी दहाच्या आत जा, आधी कुठं काय बदललंय त्याची बिलं सोबत न्या, आणि फॉल्ट कधी येतो, गरम असताना का गार, पावसात का चढाला, ते आठवून जा, मामा पहिल्यांदा तेच विचारणार आहेत.