मिनी ट्रॅक्टर घेताना मागची लिंकेज बघा: बागेला कोणती, उसाला कोणती

तासगाव-कवठेमहांकाळकडं द्राक्षबागेसाठी, आणि वाळवा-कराड-कोरेगाव पट्ट्यात ऊस-आल्यासाठी, मिनी ट्रॅक्टर घेणारा शोरूमला गेला की पहिलं एचपी विचारतो, मग ॲव्हरेज, मग सबसिडी. मागं वाकून लिंकेज, म्हणजे अवजार जोडायचे खालचे दोन दांडे आणि वरची टॉप लिंक, बघणारा क्वचितच. पण इंजिन कितीही भारी असूदे, अवजार मागं तिरकं बसलं किंवा डुलायला लागलं की काम बिघडलंच, आणि डिझेल जास्त जातंय ते वेगळंच.

ठरवायच्या गोष्टी दोन आहेत. खालचे दांडे डावी-उजवीकडं डुलू नयेत म्हणून बाजूच्या पकडीला चेन पाहिजे का टेलिस्कोपिक स्टॅबिलायझर (एकात एक सरकणारा, पिननं लांबी ठरवायचा दांडा), हे एक. लिफ्टला नुसतं पोझिशन कंट्रोल (लिव्हर ठेवला त्या उंचीवर अवजार धरणारं) पुरेल का ड्राफ्ट कंट्रोल (ओढ बघून अवजार वर-खाली करणारं) पण लागेल, हे दुसरं. विकणारा दोन्ही एकत्र करून "हे टॉप मॉडेल घ्या" म्हणतो, पण दोन्ही सगळ्यांना लागतंयच असं नाही.

आधी बाग. बागेत मिनीच्या मागं दोनच गोष्टी जास्त लागतात, रोटावेटर (रोटर) आणि ब्लोअर, म्हणजे औषध फवारायचा टाकी-पंख्याचा पंप. ओळीतलं अंतर नऊ-दहा फूट, दोन्ही बाजूला खोडं, ड्रिपच्या नळ्या, अँगल. तिथं रोटर चार बोटं जरी डावी-उजवीकडं सरकला तरी नळी गेलीच म्हणायची, आणि खोडाला पातं लागलं तर त्या झाडाचं नुकसान पुढच्या छाटणीपर्यंत दिसतंय. म्हणून रोटरला आणि ब्लोअरला खालचे दांडे घट्ट पाहिजेत, अजिबात हालचाल नको. चेननं पण घट्ट होतंय, नाही असं नाही, पण दोन्ही बाजूच्या चेन सारख्याच आवळायच्या, दांड्यापासून टायरपर्यंतचं अंतर टेपनं मोजायचं, आणि दुसरं अवजार जोडलं की परत सगळं पहिल्यापासून. टेलिस्कोपिकला एक पिन काढायची आणि ठरलेल्या भोकात घालायची, एवढंच काम. ज्याला सकाळी ब्लोअर आणि दुपारनंतर रोटर लावायचाय त्यानं चेनच्या नादाला लागूच नये, माझं मत स्पष्ट आहे. खोडाच्या जवळ जायला रोटर एका बाजूला सरकवून घेतात बरेच जण, तिथं पण टेलिस्कोपिकच सोयीचं पडतंय, फक्त सरकवल्यावर पीटीओ शाफ्ट (ट्रॅक्टरची फिरती ताकद अवजाराला देणारा दांडा) फार तिरका होत नाही ना ते बघा.

आणि बागेला ड्राफ्ट कंट्रोल? माझ्या मते गरज नाही. ड्राफ्ट कंट्रोल अवजाराला मागं किती ओढ बसतीय ते ओळखून लिफ्ट जरा वर-खाली करतंय. रोटर तर मागं ओढतच नाही, त्याची पाती पीटीओवर फिरतात आणि उलट ट्रॅक्टरलाच पुढं ढकलतात. त्याची खोली बाजूच्या स्किडवर (जमिनीवर घसरणाऱ्या पट्टीवर) ठरवायची आणि लिव्हर पोझिशनवर ठेवायचा. ब्लोअर तर जमिनीला लागतच नाही. मग ज्याचा उपयोग होणार नाही त्याला पैसे का घालायचे?

बागेला पैसे घालायचेच तर लिफ्टच्या ताकदीत घाला. मिनीची लिफ्ट मॉडेलप्रमाणे साधारण 500 ते 780 किलोच्या आसपास सांगतात, पण तो आकडा खालच्या दांड्यांच्या टोकाला असतोय. 200 लिटरची टाकी भरली की नुसतं पाणीच 200 किलो, वर पंप, पंखा, फ्रेम, आणि हे सगळं वजन दांड्याच्या टोकापासून अजून मागं, त्यामुळं लिफ्टला ते जास्त जड जातंय आणि पुढची चाकं हलकी होऊन स्टेअरिंग ऐकत नाही. अशा वेळी पुढं वजनं लावायची. लिफ्ट रॉडला (खालचा दांडा उचलणाऱ्या उभ्या रॉडला) खालच्या दांड्यावर दोन भोकं असतील तर मागच्या, म्हणजे अवजाराकडच्या भोकात घातल्यावर ताकद वाढती पण उंची कमी होती, पुढच्यात उलटं. ब्लोअरला मागचं भोक बरं.

आता ऊस-आल्याकडं. इथं कल्टीवेटर, सरीचा रेझर, भरणीची अवजारं आणि हलका पलटी नांगर. सगळी ओढायची अवजारं, इथं मात्र ड्राफ्ट कंट्रोल असलं तर फरक कळतो. रान एकसारखं कुठं असतंय, नांगराच्या एकाच तासात (ओळीत) आधी काळी, पुढं जरा चिकण, मध्येच मुरमाचा पट्टा, नुसत्या पोझिशनवर नांगर असला की घट्ट जागी चाकं गरागरा फिरतात आणि ड्रायव्हर सारखा लिव्हर हलवत बसतो. ड्राफ्टवर असलं की ओढ वाढताच फाळ थोडा उचलला जातो, मागच्या चाकावर भार येतो, आणि ट्रॅक्टर थांबत नाही. ही कल्पना हॅरी फर्ग्युसनची, 1939 च्या फोर्ड-फर्ग्युसन 9एन ट्रॅक्टरात ती जगभर गेली, आणि त्यात ओढ कळायची ती टॉप लिंकवर पडणाऱ्या दाबावरून. आजही बऱ्याच ट्रॅक्टरात तसंच आहे, म्हणून टॉप लिंकच्या जागी कुणी वेल्डिंग करून घट्ट दांडा बसवून दिला तर घेऊ नका.

पण एक सांगतो, नदीकाठच्या भारी काळ्या रानात खोल नांगरट मिनीकडून करायचीच नाही. ती मोठ्या ट्रॅक्टरवाल्याला भाड्यानं द्या, मिनीला कल्टी, सरी, भरणी ठेवा. एवढंच करणार असाल तर ड्राफ्टवाचूनही भागतंय, जरा लिव्हर सांभाळावा लागतो एवढंच.

पकडीचं ऊसवाल्याला उलटं आहे. नांगर आणि कल्टी कामात असताना थोडी ढील लागती, दीड-दोन इंच इकडं-तिकडं, नाहीतर वळताना दांड्यावर ताण येतो. चेनला ही ढील सहज मिळती आणि चेन स्वस्त पण. रेझरला मात्र घट्ट करा, नाहीतर सरी सापासारखी जाती आणि भरणीला मग चाक उसावर. म्हणजे उसाला चेन चालेल, बागेला टेलिस्कोपिक घ्या, आणि दोन्ही असेल तर टेलिस्कोपिकच, कारण त्याची पिन लांब खाचेत घातली की ढील पण मिळती.

लेव्हलचं आता. सपाट फरशीवर अवजार टेकवून टेपनं मोजायचं. कल्टीला पुढची आणि मागची फणाची ओळ सारखीच खोल जायला पाहिजे, ते टॉप लिंकनं. लिंक आखूड केली की नांगराचं नाक खाली जातंय आणि लवकर घुसतंय, फार आखूड केली तर पुढनंच उकरत राहतो आणि ओढ वाढती. एका बाजूला पडणाऱ्या नांगरात उजवं चाक तासात जातंय, ट्रॅक्टर उजवीकडं झुकतो, म्हणून उजवा लिफ्ट रॉड हँडल फिरवून आखूड करायचा. पलटी नांगराला असं करायचं नाही! तिथं दोन्ही रॉड समान, आणि झुकाव नांगराच्याच दोन्ही बाजूच्या बोल्टवर, नाहीतर एक तास खोल आणि एक उथळ.

रोटरची टॉप लिंक अशी ठेवा की काम करताना रोटरचा इनपुट शाफ्ट ट्रॅक्टरच्या पीटीओ शाफ्टला समांतर राहील, म्हणजे दोन्ही टोकांच्या जॉइंटचा कोन सारखा. कोन वेगळे झाले की कडकड आवाज येतो आणि जॉइंटमधला क्रॉस लवकर जातो. शाफ्ट सगळ्यात आखूड होतो त्या जागीसुद्धा आतल्या नळीला इंचभर तरी मोकळी जागा राहिली पाहिजे, नाहीतर तो पीटीओच्या बेअरिंगवर दाब देतो. लांब पडत असेल तर दोन्ही नळ्या आणि दोन्ही कव्हर सारखंच कापायचं. आणि रोटर वळताना उचलायचा तर आधी पीटीओ बंद.

शेजाऱ्याच्या मोठ्या ट्रॅक्टरचं अवजार अधनंमधनं आणायचा विचार असेल तर पिन आधी मोजा. लिंकेजच्या ठरलेल्या मापाला कॅटेगरी म्हणतात. मिनीच्या खालच्या दांड्याचा बॉल कॅटेगरी एकचा, 22 मिलीमीटरची पिन. मोठ्याचं अवजार कॅटेगरी दोनचं असतंय, 28 ची पिन, ती आत जातच नाही, आणि दांड्यांतलं अंतर पण 683 च्या जागी 825 मिलीमीटर. उलट मोठ्या बॉलमध्ये छोटी पिन असेल तर बुश घालूनच वापरा.

बुकिंगचे पैसे द्यायच्या आधी शोरूमवाल्याला तुमचाच रोटर किंवा नांगर जोडून दाखवायला सांगा, अंगणात पूर्ण वर-खाली करून बघा, उचलल्यावर टायर आणि दांड्यात किती जागा राहतीय ते बघा, आणि लिफ्ट उचललेली असताना कुणालाही ट्रॅक्टर आणि अवजाराच्या मध्ये उभं राहू देऊ नका.