बांबूचा बो नागपूरच्या उन्हाळ्यात, पाच महिन्यांचा अनुभव

ओजस देवतळे आपल्या नागपूरचा, २०२३ मध्ये बर्लिनला कंपाउंडमध्ये (चाकं लावलेल्या आधुनिक धनुष्याचा प्रकार) वर्ल्ड चॅम्पियन झाला आणि त्याच वर्षी हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये तीन गोल्ड घेऊन आला, तेव्हापासून आमच्या घरी धनुष्यबाणाचा विषय सुरू आहे. मुलगी आता सातवीत गेलीय. लहान मुलं सुरुवात बहुतेक इंडियन राउंडनेच करतात, म्हणजे बांबूचा बो (धनुष्य), लाकडी बाण, नेम धरायची साईट वगैरे काही नाही, म्हणून जानेवारीत तोच सेट मागवला. बो, बारा बाण, टॅब (दोरी ओढणाऱ्या बोटांचं चामड्याचं कव्हर), आर्मगार्ड मिळून सहा हजारांच्या आसपास गेले. दुकानाचं नाव देत नाही, कारण पुढे ज्या तक्रारी आहेत त्या या प्रकारच्या बऱ्याच सेटना लागू होतील असं मला वाटतं.

आधी चांगलं सांगतो. बो मनापासून आवडला. बांबूची सालीकडची बाजू पाठीला, म्हणजे टार्गेटकडे ठेवलीय आणि ती साल कुठेही तासलेली नाही. हे महत्त्वाचं आहे, कारण बो ओढला की ताण पाठीवर येतो आणि बांबूचे दाट तंतू सालीलगतच असतात, ते तोडले तर बो तिथूनच जाणार. बोचे दोन्ही हात, म्हणजे मुठीच्या वरचा आणि खालचा भाग, सारखे वाकतात, पेरं एकमेकांसमोर नीट जुळवलीत. जानेवारी-फेब्रुवारीत लगेजच्या काट्याला लावून, दोरी अठ्ठावीस इंच ओढायला किती जोर लागतो ते मोजलं तेव्हा ३४ पाउंड आला आणि रोज तेवढाच यायचा. मुलगी थोडं कमी ओढते त्यामुळे तिला जड पडत नव्हता. तीस मीटरवर तिचा ग्रुप, म्हणजे बाण जवळजवळ लागणं, हळूहळू जमायला लागला होता, मीही संध्याकाळी तिच्यासोबत वीस-पंचवीस बाण सोडायचो, खूप छान दिवस होते ते.

मग मार्च संपला आणि सगळं बदललं.

पहिली गडबड स्ट्रिंगची, म्हणजे दोरीची. सोबत आलेली डॅक्रॉनची (पॉलिएस्टर धाग्याची) होती, मेण लावलेली. उन्हात तासभर सराव झाला की ती थोडी सैल पडायची आणि दोरी ते मुठीचं अंतर सात इंचांवरून साडेसहाच्या खाली यायचं. अर्धा इंच ऐकायला काहीच नाही, पण दोरी मनगटावर आपटायला लागते, आवाज बदलतो आणि बाण नेहमीच्या जागी लागत नाही. मुलीला वाटलं तिचंच काहीतरी चुकतंय, ती दोन दिवस रडकुंडीला आली होती, आणि मला ते कळायला वेळ लागला याचं वाईट वाटतं. आता आम्ही सराव सुरू करताना आणि दर अर्ध्या तासाने पट्टीने अंतर मोजतो आणि कमी झालं असेल तर दोरी उतरवून तिला पाच-सहा पीळ जास्त देतो. मेणही उन्हात मऊ होऊन मैदानाची धूळ धरतं, ती धूळ आतून तंतू घासते, म्हणून आठवड्याला जुनं मेण कापडाने पुसून थोडंच नवीन लावायचं.

दुसरी गडबड बाणांची आणि ही मला खरंच खटकली. टोकं ग्लू स्टिकने चिकटवलेली होती, जी गरम करून लावतात तीच. आता जी वस्तू गरम करून वितळते ती तापलेल्या गाडीत काय करणार? एप्रिलमध्ये एकदा बाणांची पिशवी गाडीच्या मागच्या सीटवर दोन तास राहिली, काचा बंद, आणि त्या दिवशी टार्गेटमधून बाण ओढले की लाकूड हातात आणि टोक आत फोममध्ये, असं बारापैकी चार बाणांचं झालं. फोममध्ये अडकलेल्या टोकावर दुसऱ्याचा बाण आपटला तर उलटून येऊ शकतो, त्यामुळे ही नुसती गैरसोय नाहीये. मी सगळी टोकं काढून अरल्डाइटने परत बसवली, एक दिवस सुकू दिली, त्यानंतर एकही निघालं नाही. विदर्भात विकायचे बाण असतील तर हे दुकानानेच करायला पाहिजे, खर्च कितीसा येतो.

पिसं टेपने लावलेली होती, तीही सुटायला लागली. ती गोंदाने परत चिकटवून पुढच्या टोकाला दोरा गुंडाळला, कारण सुटलेलं पीस बाण सोडताना बोटात घुसू शकतं.

आता बो. इथे थोडं सविस्तर सांगतो कारण लोक म्हणतात उन्हाने बो नरम होतो आणि दुसरे म्हणतात कडक होतो, आणि माझ्या अनुभवात दोन्ही होतं. मे महिन्याची कोरडी हवा बांबूतला ओलावा ओढून घेते, त्यामुळे सकाळी सहाला मोजला तर ३५ च्या वर, म्हणजे हिवाळ्यापेक्षा थोडा कडक आणि त्यासोबत ठिसूळही. पण तोच बो नऊ वाजता अर्धा तास उन्हात पडून राहिला तर ३२ वर आला, कारण तापलेला बांबू लवचीक होतो. सावलीत ठेवला की परत वर. म्हणजे एकाच सकाळी दोन वेगळे बो हातात येतात आणि मुलं मात्र स्वतःलाच दोष देतात. त्यात तापलेला बो दोरी चढवून तसाच ठेवला तर तो वाकून बसतो, दोरी काढली तरी पूर्वीसारखा सरळ होत नाही. आमचा साधारण पाऊण इंच बसलाय. आता दर सहा बाणांनंतर सावलीत, आणि पंधरा मिनिटांहून जास्त थांबायचं असेल तर दोरी उतरवायची.

सगळ्यात मोठी चूक मात्र माझ्याच घरात होत होती आणि हे नागपूर-अकोला-चंद्रपूरच्या लोकांनी नीट वाचा. बो कूलरच्या खोलीत भिंतीला टांगला होता. रात्रभर कूलरची ओली हवा, दिवसा मैदानावर एकदम कोरडी, म्हणजे बांबू रोज ओलावा पितोय आणि रोज टाकतोय. बाणांचं तेच, मेच्या मध्यापर्यंत पाच बाण वाकले. ते गॅसच्या आचेवर लांबून फिरवत गरम करून हाताने उलट दिशेला दाबून, थंड होईपर्यंत तसेच धरून सरळ केले, ही जुनीच पद्धत आहे आणि चालते. पण नवतप्यात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) बोच्या वरच्या, दोरी अडकवायच्या खाचेजवळ एक बारीक उभी चीर दिसली. नीट बघितलं तर कळलं की वॉर्निश फक्त दिसणाऱ्या भागावर आहे, खाचा आणि टोकं कोरी! ओलावा टोकाच्या उघड्या तंतूंमधूनच सगळ्यात जास्त ये-जा करतो आणि नेमकं तेच मोकळं सोडलेलं. चीर उभी होती म्हणून फेविक्विक आत मुरवून वरून दोरा घट्ट गुंडाळला, दोरा गोंदाने भिजवला, टोकांना वॉर्निशचे तीन हात दिले. तेव्हापासून चीर वाढली नाही. चीर पाठीवर आडवी असती तर मी तो बो कधीच मुलीच्या हातात दिला नसता. आता बो कूलर नसलेल्या आतल्या खोलीत, जमिनीपासून वर, आडवा दोन खुंट्यांवर.

दुकानाला फोन केला तर म्हणाले, उन्हात वापरू नका. अहो, सराव मैदानावरच होणार ना! निदान टोकांना वॉर्निश आणि सोबत मराठीत एक कागद, एवढं तरी द्या. आपल्या हवेचा त्रास धनुष्यांना नवीन नाही, मुघल काळात शिंग, स्नायू आणि सरसाने जोडलेली उत्तम धनुष्यं होती पण दमट हवेत सरस सुटायचा, आणि हिंदुस्थानात पोलादाची धनुष्यं बनली त्यामागे हेही एक कारण अभ्यासक सांगतात. तेव्हाचे कारागीर हवेचा विचार करत होते, आज सहा हजार घेणाऱ्याकडून तेवढी अपेक्षा ठेवणं चुकीचं नाही.

सरावाचं म्हणाल तर साडेपाच ते साडेआठ, बस. त्यानंतर गरम वारा सुटतो, घामाने चामड्याचा टॅब ओला होतो आणि वाळला की पापडासारखा कडक. आम्ही दोन टॅब आलटून पालटून वापरतो. मुलगी थकली की खांदा वर येतो, तो दिसला की मी बाण काढून घेतो आणि पन्ह्याची बाटली देतो, मग ती कितीही म्हणो अजून सहा.

पाचपैकी बो-ला साडेतीन, बाणांना दोन. घ्यायचा असेल तर हाच बो घ्या पण खाचा आधी बघा, बाण मात्र दुसरीकडून घ्या. पावसाळ्यात पाउंड किती उतरतात ते मोजून सप्टेंबरमध्ये इथेच लिहीन.