कुत्र्यासकट कॅराव्हॅन, वर वादळ: मांडू की महेश्वर?

इंदूरहून दोन्ही ठिकाणं साधारण शंभर किलोमीटरवर. पावसाळ्यात कॅराव्हॅन, म्हणजे आत राहता-झोपता येणारी गाडी, कुठे उभी करायची, एवढाच प्रश्न.

मांडू पठारावर, समुद्रसपाटीपासून ६०० मीटरहून उंच. ढग दारात येतात, पण वाराही येतो. कॅराव्हॅनची लांब बाजू वाऱ्याला दिलीत तर ती रात्रभर पाळण्यासारखी हलते. तोंड वाऱ्याकडे ठेवा, गाडीचे आधाराचे पाय जमिनीला टेकवा, बाहेरचं कापडी छत गुंडाळा. मांडूची गोरखचिंच (बाओबाबचं झाड) कितीही देखणी असो, तिच्याखाली गाडी नको. विजांत पत्र्याची बंद गाडी बरीच सुरक्षित. फायबरच्या गाडीचा तेवढा भरवसा नाही. कुत्रं मात्र गडगडाटानेच अर्धमेलं होतं. पडदे ओढा, पंखा चालू ठेवा, पलंगाखाली बसायचं तर बसू द्या. दार उघडण्याआधी पट्टा लावाच. घाबरलेलं कुत्रं दरीकडेही धावतं.

महेश्वर खाली, नर्मदाकाठी. इथे धास्ती पाण्याची: वरच्या इंदिरा सागर, ओंकारेश्वर धरणांतून पाणी सोडलं की गावात पाऊस नसतानाही नदी चढते. घाटापासून लांब, उंचावर गाडी लावली की झालं.

माझं मत महेश्वरला. कुत्रं गडगडाटाला भीत नसेल तर खुशाल मांडू. तसं कुत्रं मी तरी पाहिलेलं नाही.